डब्यातल्या बायका, कट्ट्यावरचे पुरुष आणि आमचा संसार

माझ्या संसारातली निम्मी भांडणं डोंबिवली ते ठाणे एवढ्या अंतरात मिटली. ज्यांच्याशी भांडण व्हायचं ते त्या वेळी अंबरनाथच्या कारखान्यात पहिल्या पाळीला असायचे. त्यामुळे भांडण मिटल्याचं त्यांना संध्याकाळी कळायचं आणि कसं मिटलं ते कधीच कळलं नाही.

आमचं लग्न १९८३ चं. मी फोर्टमधल्या एका बँकेत, हे कारखान्यात, घरी सासूबाई आणि पुढे मुलगा. सकाळची फास्ट लोकल ठरलेली आणि लेडीज डब्यातला कोपराही ठरलेला. तिथे आमचा सात-आठ जणींचा ग्रुप होता. एकमेकींची ओळख नावापेक्षा ऑफिसवरून: पोस्टातली, एलआयसीतली, मंत्रालयातली, आणि ठाण्याला चढून चौथ्या सीटवर अर्धी टेकणारी नर्स. मांडीवर पिशवी घेऊन कोणी मटार सोलायचं, कोणी गवार मोडायचं. दसऱ्याला खिडक्यांना झेंडूची तोरणं, संक्रांतीला तिळगूळ, एखादीला सातवा लागला की गाडीतच डोहाळजेवण.

एकदा ह्यांनी गावी, संगमेश्वर तालुक्यात, धाकट्या दिरांना घराची कौलं उतरवून पत्रे घालायला पैसे पाठवले. मला न विचारता. कपडे भिजवताना शर्टाच्या खिशात ड्राफ्टची पावती सापडली, तीही दुसऱ्याच बँकेची! रात्री सासूबाईंसमोर बोलता आलं नाही. सकाळी गाडीत बसले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पोस्टातलीने आधी रक्कम विचारली. मी आकडा सांगितल्यावर म्हणाली, "एवढ्यात अर्ध्याच घरावर पत्रे पडतील. म्हणजे पुढच्या वर्षी परत जाणार. आत्ताच बोलून घे." एलआयसीतली म्हणाली, "भावाला दिले ना? बाईला नाही ना? मग बस गप्प." सगळ्या हसल्या, मलाही हसू आलं. प्रकरण मोठं होतं, त्यामुळे ठाणं ओलांडावं लागलं. नर्स चढली, तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच सांगितलं, "आज नको. रविवारी जेवण झाल्यावर बोल. उपाशी पुरुषाशी पैशावर बोलू नये."

मी तसंच केलं. हे थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तू नाही म्हणाली नसतीस. पण तुझ्या कपाळाला आठी पडली असती, ती मला बघवत नाही." त्यानंतर गावी जाणारा पैसा दोघांच्या विचाराने जायला लागला. दुसऱ्या वर्षी उरलेल्या अर्ध्या घराचे पैसे आम्ही मिळून पाठवले. राग तेवढाच होता, पण सात जणींपुढे एकदा बोलून झाल्यावर घरी न्यायला फक्त मुद्दा उरला होता.

त्या बायकांचा एक अलिखित नियम होता. नवऱ्याला नावं ठेवण्याचा हक्क ज्या त्या बायकोचा. बाकीच्यांनी ऐकायचं, चिडवायचं, सल्ला द्यायचा, पण री ओढायची नाही. मुलाच्या मुंजीला त्या आल्या तेव्हा ह्यांची सगळी कुंडली त्यांना पाठ होती, तरी जावयासारखं कौतुक केलं. हे रात्री म्हणाले, "तुझ्या मैत्रिणी फार चांगल्या आहेत हं." मी म्हटलं, हो ना.

ह्यांचं निराळं होतं. रविवारी सकाळी गणपती मंडळाच्या खोलीत कॅरम, संध्याकाळी जिन्याखालच्या कट्ट्यावर बैठक. तीन तास बसून आल्यावर मी विचारायची, "काय बोललात?" उत्तर कायम एकच, "काही नाही." मला ते खरं वाटायचं नाही. पण खरंच ते फारसं बोलायचे नाहीत. १९९० च्या दशकात कारखाना काही महिने बंद राहिला. माझा पगार होता, चूल बंद पडणार नव्हती, पण कमावता पुरुष सकाळी आठला घरात बसलेला आणि आई समोर, ही अडचण पैशाची नव्हतीच. मी काही विचारलं तरी ते "बघू" म्हणायचे. तेव्हा ह्यांचा कॅरमचा जोडीदार एका सोमवारी दारात उभा राहिला आणि म्हणाला, "मेव्हण्याच्या वर्कशॉपमध्ये हिशेब तुंबलेत. चल, चपला घाल." पुढे कारखाना उघडेपर्यंत हे रोज एमआयडीसीत जात होते. मिळकत नावापुरती होती, पण संध्याकाळी थकून घरी येणारा माणूस परत मिळाला. मी सांगितलं असतं तर ह्यांनी ऐकलं नसतं. बायकोने काम सुचवणं म्हणजे टोमणा, मित्राने सुचवणं म्हणजे मदत. आमच्या पिढीच्या पुरुषांचं हे असंच होतं.

घरच्या माणसांचं मात्र दुहेरी होतं. वन्संनी, म्हणजे ह्यांच्या मोठ्या बहिणीने, मला पहिल्या दिवसापासून पाठीशी घातलं. भावाला झापायचं असेल तर त्या माझ्यासमोरच झापायच्या, म्हणजे मला वेगळं काही बोलावंच लागायचं नाही. ह्यांचं लहानपण त्यांना ठाऊक होतं. "हा चिडला की दोन तास बोलत नाही, वडिलांच्या भीतीने लागलेली सवय आहे ती, तुझ्यावरचा राग नाही," हे मला त्यांनी सांगितलं. हे स्वतः कधी सांगू शकले नसते. दुसरीकडे, त्याच घराच्या वाटणीवरून दिरांशी बिनसलं आणि काही वर्षं गणपतीला आम्ही गावी गेलो नाही. तेव्हा भाद्रपद आला की हे गप्प व्हायचे आणि मी कशालाही हात लावला तरी चुकायचं. भावाचा राग भावापर्यंत पोचत नव्हता, मग तो हाताशी असलेल्या माणसावर निघायचा. जाऊ आणि मी फोनवर बोलत राहिलो, पोरांची लग्नं आली, तेव्हा कुठे ते मिटलं. त्या वर्षी गणपतीहून परतताना हे गाडीत स्वतःहून गाणं गुणगुणत होते.

शिवाय चार जोडप्यांचं आमचं एक टोळकं होतं, दर डिसेंबरात कुठे तरी जाणारं. गणपतीपुळे, महाबळेश्वर, एकदा हंपी. ह्यांची कोयना एक्स्प्रेस चुकल्याची गोष्ट मी असंख्य वेळा ऐकलेली. पण दुसऱ्यांच्या बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसताना बघितल्या की वाटायचं, आपला नवरा गोष्ट छान सांगतो. घरात हे दिसत नाही. घरात तो फक्त दूध आणलं की नाही याचं उत्तर देणारा माणूस असतो.

मी निवृत्त झाले आणि २०१९ मध्ये आम्ही पुण्याला, कोथरूडला आलो. मुलगा-सून जवळ, गुडघ्यांसाठी लिफ्ट, डोंबिवलीच्या गर्दीतून सुटका. सगळे म्हणाले, आता एकमेकांना वेळ द्या. तो वेळ मार्च २०२० मध्ये एवढा मिळाला की पुरे झाला. मुलगा चार किलोमीटरवर, पण येता येईना. मुंबईच्या लोकल बंद झाल्या तेव्हा मला उगाच रडू आलं, आता त्यांनी मला कुठे जायचं नव्हतं तरी.

त्या दिवसांतली एक गोष्ट. मी दुपारी पडले होते तेव्हा ह्यांनी ओट्यावरच्या मांडणीतले सगळे डबे उतरवले, पुसले, कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवल्या आणि बाराखडीच्या क्रमाने परत लावले. अळशी, आमचूर, ओवा, कारळे, खसखस. कारखान्यात स्टोअर त्यांच्याकडे होतं, तिथे त्यांचं नाव होतं. संध्याकाळी मी फोडणी टाकली, मोहरी तडतडली आणि हात सवयीने डावीकडे गेला. तिथे आमचूर. हळद 'ह'ची, म्हणून पार शेवटी, वरच्या फळीवर. फोडणी जळली. मी असं काही बोलले की जे मी कधीच बोलले नव्हते. हे म्हणाले, "एवढं चांगलं केलं त्याचं काही नाही." आणि दोन तासांच्या ऐवजी दोन दिवस बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी ग्रुपमधल्या चौघी व्हिडिओ कॉलवर भेटल्या. मी डब्यांचं रामायण सांगितलं. पोस्टातली एवढंच म्हणाली, "आणि 'ज्ञ'च्या डब्यात काय ठेवलंय?" मी हसता हसता खाली बसले. हे दाराशी येऊन बघत होते. मी फोन त्यांच्याकडे वळवला. चौघींनी एका सुरात "नमस्कार, स्टोअरकीपर" म्हटलं आणि हेही हसले. हळद खाली आली, बाकीचे डबे अजून त्यांच्या क्रमाने आहेत. ओवा लगेच सापडतो, हे मान्य करायला हवं.

त्या महिन्यांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. घरात वाजणारा प्रत्येक फोन माझा होता. वन्संचा फोनसुद्धा माझ्याच मोबाइलवर यायचा आणि मी शेवटी "घ्या, बोला" म्हणून ह्यांच्याकडे द्यायचे. भाच्यांचे वाढदिवस, कुणाला काय आहेर केला होता, दिरांची शुगर, कॅरमवाल्या मित्राच्या बायकोचं ऑपरेशन, ही सगळी नोंद माझ्या डायरीत. नोकरी आणि कट्टा होता तोवर चाललं. दोन्ही सुटल्यावर ह्यांच्याकडे बोलायला एकच माणूस उरलं, मी. आणि माझ्यावर नवऱ्यासोबत त्याच्या मित्रांची, भावाची, साहेबाची, हाताखालच्या पोरांची अशी सगळी कामं येऊन पडली. एवढ्या भूमिका एका बाईला झेपत नाहीत. ह्यांचंही तेच झालं असणार. मी गाडीत सात जणींना वाटून सांगायची ते आता ह्यांना एकट्याला ऐकावं लागत होतं, आणि ते मधेच उपाय सांगायचे.

वन्संची मुलगी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मामी, यावर पुस्तक आहे." एलिझाबेथ बॉट नावाच्या बाईंनी लंडनमधल्या वीस कुटुंबांचा बारकाईने अभ्यास केला होता, ते पुस्तक १९५७ चं. त्यांना दिसलं ते असं: ज्या जोडप्यांचे मित्र, शेजारी, नातेवाईक एकमेकांनाही ओळखतात, त्या घरांत नवऱ्याची कामं वेगळी, बायकोची वेगळी, विरंगुळाही आपापला. जिथे ओळखीची माणसं विखुरलेली आणि एकमेकांना अनोळखी, तिथे नवरा-बायको बरंच काही मिळून करतात आणि अपेक्षाही एकमेकांकडूनच जास्त ठेवतात. भाची म्हणाली, यात चांगलं-वाईट काही नाही, दोन पद्धती आहेत. मी म्हटलं, आम्ही छत्तीस वर्षं पहिल्या पद्धतीने राहिलो आणि एका टेम्पोत सामान भरून दुसऱ्या पद्धतीत आलो.

निर्बंध उठल्यावर मी ह्यांना सिंहगड एक्स्प्रेसचं तिकीट काढून दिलं. पहाटे पुण्याहून निघायचं, कल्याणला उतरून डोंबिवली, संध्याकाळी त्याच गाडीने परत. पहिल्यांदा "काय करू जाऊन?" म्हणाले. परत आले ते भाजलेले शेंगदाणे आणि तीन घरांच्या बातम्या घेऊन. रात्री जेवताना तासभर बोलत होते आणि मी ऐकत होते, कारण त्यातलं काहीच मला आधी माहीत नव्हतं. पुण्यातलं जमायला वेळ लागला. वेताळ टेकडीवर सकाळी काही मंडळी पाण्याच्या बाटल्या घेऊन जातात, लावलेल्या रोपांना घालायला. हे नुसते फिरायला जायचे. एकाने "अहो, एक बाटली धरा" म्हणून हातात दिली. आता उन्हाळ्यात ह्यांच्या वाटणीची झाडं ठरलेली आहेत. तिथेही ते फार बोलत नसावेत. मी विचारणं सोडून दिलंय.

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात एकदा हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासावर व्याख्यान झालं. १९३८ मध्ये २६८ विद्यार्थ्यांपासून सुरू झालेलं ते काम. बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ मुलांचा दुसरा अभ्यास पुढे त्याला जोडला गेला, आणि त्या माणसांचा आयुष्यभर माग ठेवला गेला. पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. मी कान टवकारले ते पुढच्या भागाला. रॉबर्ट वॉल्डिंगर आणि मार्क शुल्झ यांनी ऐंशीच्या घरातल्या ४७ जोडप्यांची आठ दिवस रोजची विचारपूस केली होती. ज्या दिवशी माणसांत जास्त वेळ गेला, त्या दिवशी पुरुष काय, बाई काय, दोघंही जास्त आनंदात होते. आणि ज्यांचं आपसांत बरं होतं, त्यांचा मूड तब्येतीच्या वाईट दिवशी तेवढा खाली जात नव्हता. माझे गुडघे तेव्हा फार दुखत होते. शेजारी बघितलं तर हे वहीत लिहून घेत होते.

पुढच्याच हिवाळ्यात माझ्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. हे सगळं करत होते: गोळ्यांचं वेळापत्रक भिंतीवर, व्यायामाचे आकडे मोजणं, रात्री उठून बाथरूमपर्यंत सोबत. चौथ्या-पाचव्या दिवशी मी वॉकर नीट धरला नाही म्हणून माझ्यावर ओरडले आणि स्वतःच खुर्चीत बसून राहिले. वन्सं पंच्याहत्तरीत आहेत, तरी बॅग घेऊन आल्या. आल्या आल्या भावाला म्हणाल्या, "तू टेकडीवर जा. नऊच्या आत घरी दिसू नकोस." टेकडीवरच्या एका मित्राच्या घरून दुपारचा डबा यायला लागला. हे सकाळी दोन तास बाहेर जाऊन यायचे आणि मग दिवसभर शांतपणे आकडे मोजायचे. माझी सेवा ह्यांनीच केली. पण ह्यांच्याकडून ती शेवटपर्यंत नीट झाली, यात वन्संचा आणि त्या डब्याचा वाटा मोठा होता.

सगळेच संबंध असे हिताचे नसतात. बँकेत माझी एक सहकारी होती. मी कुरकुर केली की ती म्हणायची, "तू सहन करतेस म्हणून चालतं." ऐकताना बरं वाटायचं, घरी जाताना मात्र राग वाढलेला असायचा. खरोखर छळ सोसणाऱ्या बाईला असं सांगणारी मैत्रीण हवीच. माझं तसं नव्हतं, आणि तिने ते कधी विचारलंही नाही. नात्यातही एक गृहस्थ दर भेटीत मुलाच्या पॅकेजवरून जावांची तुलना करायचे. ते येऊन गेले की आमच्याकडे दोन दिवस कुरबूर. आता त्यांना आम्ही लग्नकार्यातच भेटतो. कोणाला किती आत घ्यायचं हे दोघांनी मिळून ठरवलं की निम्मी कटकट जाते.

आमच्या चार जोडप्यांत आता एक जण कमी आहे. कॅरमचा तो जोडीदार २०२१ मध्ये गेला. त्या डिसेंबरात कुठे जायचा विषयच निघाला नाही. पुढच्या वर्षी त्याच्या बायकोने स्वतः फोन केला, "मला सोडून जायचा विचार आहे का?" आम्ही सात जण आंबोलीला गेलो. खोल्यांचा प्रश्न आला तेव्हा चौघी बायका एका खोलीत झोपलो, पुरुषांना म्हटलं तुमचं तुम्ही बघा. तिथून आल्यावर ह्यांनी माझी डायरी मागून घेतली. का, ते आम्ही बोललो नाही. दोघांपैकी कोणी तरी मागे राहणार, आणि ते हे असतील तर त्यांना वन्संचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये शोधावा लागू नये, एवढं आम्हाला दोघांनाही कळत होतं. नंबर उतरवून घेतले, वाढदिवस लिहिले, आहेराच्या यादीत दोन चुकाही काढल्या.

माझ्या तारखा मी ठेवल्या, त्यांच्या बाजूच्या आता ते बघतात. काही सुटतात. दिरांच्या नातवाच्या मुंजीचं दोन दिवस आधी कळलं. पण परवा भाचीच्या नातीच्या बारशाला काय न्यायचं ते त्यांनी एकट्यांनी ठरवलं. चांदीचे वाळे आणले, ते तीन वर्षांच्या मुलीला होतील एवढे. मी बघतच राहिले. "वाढत्या अंगाचे घेतलेत," म्हणाले. मी काही बोलले नाही. बारसं झाल्यावर भाचीने आभाराचा फोन केला, तो त्यांच्या मोबाइलवर आला. बराच वेळ बोलत होते. शेवटी मला विचारलं, "तुला द्यायचा का?"